बापाचं रोजचं वाक्य

पाण्याचा आणखी एक घडा फुटला तेव्हा नुमिसियानं कपाळावर हात मारून घेतला. तिचा नवरा त्रेबियस मात्र खापऱ्यांकडे पाहत शांतपणे म्हणाला, "घडाच होता. कधीतरी फुटणारच."

"आपोआप नाही फुटला. तुम्ही तो उंबऱ्यात ठेवला होतात."

"ठेवणं माझ्या हातात होतं. फुटणं नव्हतं."

तीन वर्षं नुमिसिया असलीच उत्तरं ऐकत होती. तिनं खापऱ्या गोळा केल्या, ओला उंबरा पुसला आणि शेजारणीकडे घडा मागायला गेली. मुलीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलं होतं आणि घरात पाणी भरायला भांडं नव्हतं. नवरा शहाणा झाला होता तो असा.

पूर्वी तो चारचौघांसारखा होता. ओस्तियाच्या बंदराजवळ त्यांचं दोरखंडांचं दुकान. दोर तुटला की त्रेबियस शिव्या घालायचा, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं की जेवायचा नाही, आणि चिडला की अर्ध्या गल्लीला कळायचं. नुमिसियाला त्याचा वैताग यायचा, पण तो वैताग निदान ओळखीचा होता. मग ती तापातून उठली त्या शरदात नाट्यगृहामागच्या ओवरीत एक दाढीवाला ग्रीक येऊन बसू लागला. तो स्वतःला स्टोइक म्हणवायचा. जे आपल्या हातात आहे ते नीट करावं, जे हातात नाही त्यासाठी जीव जाळू नये, अशी त्याची शिकवण. एवढं तर नुमिसियाची आईही सांगायची, आणि वर जेवायला घालायची.

त्रेबियसनं यातला दुसरा अर्धा भाग तेवढा मनावर घेतला, असं नुमिसियाचं मत होतं. घराचं छप्पर दोन हिवाळे गळत होतं. तिनं सांगितलं की तो म्हणायचा, "पाऊस काय माझ्या हातात आहे?"

"शिडी आहे ना? मागच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. ती हातात घेता येते."

हा मुद्दा त्याला विचार करण्याजोगा वाटला, आणि तो शिडी घ्यायचं सोडून ग्रीकाला विचारायला ओवरीत गेला. नुमिसियानं हात टेकले आणि गळतीखाली पातेलं ठेवलं.

पण छप्पर परवडलं म्हणायला लावेल, असं त्याचं एक वाक्य होतं. ग्रीकानं शिकवलं होतं की जे आपल्याला प्रिय आहे त्याला जवळ घेताना ते कायमचं आपलं नाही, हे आठवावं, मनातल्या मनात. त्रेबियसनं सगळं पाळलं, फक्त मनातल्या मनात हे तेवढं त्याला जमलं नाही. जन्म गेला दोर वळणाऱ्या गड्यांना या टोकावरून त्या टोकाला हाका मारण्यात, मनात काही ठेवायची सवयच नव्हती. रोज संध्याकाळी दिवा लागला की तो मुलीच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "आज आहेस. उद्या नसशीलही."

ज्या गावात मेलेल्या माणसालाही कोणी मेला म्हणत नाही, जगून झालं त्याचं, असं म्हणतात, त्या गावात बाप पोटच्या पोरीला हे रोज ऐकवत होता. नुमिसिया पहिल्या दिवशी अपशकुन टळावा म्हणून तीनदा थुंकली होती. मुलगी, त्रेबिया, मात्र हसली होती. "तुमचं तुम्हालाच, बाबा. झोपा आता," असं तिनं म्हटलं आणि पुढे तेच रोजचं होऊन बसलं. तो म्हणायचा, ती परतवायची, आणि नुमिसिया कानांवर हात ठेवून चुलीकडे तोंड फिरवायची.

आता त्याच मुलीचं लग्न होतं, आणि व्याही कोसिनियस होता.

कोसिनियस बंदरात धान्य मापणाऱ्यांमधला वजनदार माणूस. पण डावा पाय आधी उंबऱ्याबाहेर पडला तर माघारी जाऊन झोपणारा. वेशीवर घुबड बसलं म्हणून त्यानं थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि ती मुलगी अजून बापाच्या घरी होती. त्याचा धाकटा मुलगा सेर्वियस गुणी होता, त्रेबियाचा जीव त्याच्यावर जडला होता, आणि पुढच्या महिन्यात तो धान्याच्या कामावर आफ्रिकेला निघायचा होता. तो वसंतापर्यंत परतणार नव्हता. जूनचा पहिला अर्धा महिना अशुभ, चुलीची देवी वेस्ता, तिच्या देवळातला केर नदीत पडेपर्यंत कोणी लग्न लावत नाही. त्यानंतरचा हा एकच दिवस साधला होता. हा चुकला की कोसिनियस दुसरं घर बघणार, हे नुमिसियाला लख्ख दिसत होतं.

"उद्या तुमचं ते वाक्य नको," शेजारणीचा घडा खाली ठेवत ती म्हणाली.

"नाही म्हणणार."

"मनात म्हणा हवं तर. ओठ हलले तरी चालतील. आवाज नको."

"अगं, नाही म्हटलं ना. जीभ माझ्या हातात आहे."

"तीच तर भीती आहे," नुमिसिया म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सगळं दृष्ट लागण्यासारखं होत गेलं. शकुन पाहणाऱ्या म्हाताऱ्या अविल्लियसनं मेंढीचं काळीज उलटंपालटं करून बघितलं आणि उत्तम म्हणून मान हलवली. करारावर मोहरा उठल्या, हातात हात दिले गेले, पाहुणे जेवले. त्रेबियस दिवसभर मूग गिळून होता. कोणी काही विचारलं की हसायचा. कोसिनियसनं तर कौतुकही केलं, "व्याही फार मोजकं बोलतात." नुमिसियानं कृतज्ञतेनं घरच्या देवांपुढे चिमूटभर धूप जास्त टाकला.

संध्याकाळी मशाली पेटल्या. अंगणात बासरीवाले येऊन उभे राहिले. आता रीतीप्रमाणे नवरी आईच्या मांडीवर बसणार, आई तिला कवटाळणार, आणि नवऱ्याकडचे तिला ओढून घेऊन निघणार. त्याआधी अविल्लियसनं हात वर करून सगळ्यांना जिभा आवरायला सांगितलं. बासऱ्याही थांबल्या. बापानं निरोपाचं चुंबन घ्यायचं होतं.

त्रेबियस पुढे झाला. नवरीचा केशरी बुरखा त्यानं जरा वर केला. दिवेलागणीची वेळ, समोर मुलीचं कपाळ, आणि तोंडाला तीन वर्षांची सवय.

"आज आहेस," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "उद्या नसशीलही."

आणि बुरख्याखालून तितक्याच सवयीनं उत्तर आलं, "तुमचं तुम्हालाच, बाबा. झोपा आता."

कोणाच्या तरी ओंजळीतले, वरातीत उधळायचे अक्रोड सुटून फरशीवर गडगडत गेले. कोसिनियस पांढराफटक पडला होता. त्यानं हातातली मशाल खाली केली.

"विझवा," तो आपल्या माणसांना म्हणाला. "घरी चला."

नुमिसियाला राग असा आला की कानशिलं तापली. घडा फुटला, सोसलं. छप्पर गळलं, सोसलं. पण पोरीचा संसार म्हणजे घडा नव्हता. ती पुढे होऊन म्हणाली, "व्याही, तो शाप नाही हो. शिकवणीतलं वाक्य आहे. हे रोजच म्हणतात."

"रोज?" कोसिनियसनं घाबरून विचारलं.

"वाक्याचा अर्थ असा आहे," त्रेबियसनं समजावायला सुरुवात केली, "की आपल्याला जे..."

"तुम्ही गप्प बसा," नुमिसिया नवऱ्याला म्हणाली.

"शिकवण तुमच्या घरात ठेवा," कोसिनियस म्हणाला. "मंगल वेळेला, सगळं शांत असताना, बापाच्या तोंडून नवरीचं मरण निघालं. मी कानांनी ऐकलं. ही मुलगी मी उंबऱ्याच्या आत कशी नेऊ?"

सेर्वियस बापाचा हात धरून काहीतरी सांगत होता आणि बाप ऐकत नव्हता. त्रेबिया बुरखा गच्च धरून उभी होती.

"थांब जरा, कोसिनियस," म्हातारा अविल्लियस म्हणाला. तो सकाळपासून उभा होता आणि त्याला बसायचं होतं. "शकुन म्हणजे अंगावर फेकलेली वस्तू. समोरच्यानं झेलली तर त्याची. पोरीनं झेलली का?"

"म्हणजे?"

"तिनं झेललीच नाही. हातोहात परत केली. सगळ्यांसमोर केली, मीही ऐकलं. आता ती वस्तू बापाकडे आहे." त्यानं त्रेबियसकडे वळून पाहिलं. "तू घेतोस का रे? नाहीतर ती इथंच पडून राहील, आणि मग कोसिनियसचं खरं."

"घेतो," त्रेबियस म्हणाला. दोरीचा भाव ठरवावा इतक्या सहज म्हणाला. "उद्याचं जे काही असेल ते माझ्या नावावर. मुलीचा त्याच्याशी संबंध नाही."

कोसिनियसनं त्याच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं, शिवाय चुलीला हात लावून. मग बराच वेळ विचार केला आणि मशाल पुन्हा वर धरली.

"बाबा, मी सवयीनं बोलले," त्रेबिया रडत म्हणाली.

"मीही," त्रेबियस म्हणाला.

बासऱ्या वाजू लागल्या. सेर्वियसची माणसं मुलीला ओढायला आली. आईनं सोडायचं नाही अशी रीतच आहे, पण नुमिसियाला खरंच सोडवेना. शेवटी दोघींची बोटं एकेक करून उकलावी लागली. लोकांना वाटलं काय झकास रीत पाळली. तिच्या मनात एकच चाललं होतं, की मुलगी सुटली आणि नवरा अडकला, आणि हे सगळं त्या ओवरीतल्या दाढीमुळे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती जागी होती. त्रेबियस घोरत होता. एरवी ती त्या घोरण्याला कंटाळायची, आज तिनं ते पडल्यापडल्या ऐकून घेतलं. उठल्यावर त्यानं भाकरी, चीज आणि कांदा असं भरपेट खाल्लं. तिनं सुरी लपवली, मासळी शेजारी देऊन टाकली, आणि दुकान, नदी, बैलगाड्या या सगळ्यांची मनाई केली.

"आजच्या दिवस घरात बसा. संध्याकाळी पोरीच्या सासरी जेवायला जायचंय, तेवढं एक चालत जाऊ, भिंतीच्या कडेकडेनं."

"बरं," तो म्हणाला.

तो बरं म्हणाला तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. ती चुलीपाशी गेली, पीठ मळायला घेतलं, आणि डोक्यावर कौलं वाजली.

ती पिठाच्या हातांनी मागच्या अंगणात धावली. शिडी छपराला लागली होती आणि वर, ऐन कडेला, तिचा नवरा उकिडवा बसून फुटकी कौलं काढत होता.

"अहो, खाली उतरा."

"झालंच. इथली तीनच फुटलीत. दोन हिवाळे उगाच पातेली लावलीस तू."

नुमिसियानं पिठाचे हात कमरेवर ठेवले. मग ती म्हणाली, "दोन हिवाळे मी सांगत होते तेव्हा नाही सुचलं. आणि आजच?"

"तेव्हा वाटत होतं, वेळ आहे. आज नाही असं धरून चाललोय. मरायचंच असलं तर तुला गळक्या घरात ठेवून कशाला जायचं?" तो खूश दिसत होता. "अगं, ही शिकवण फार उपयोगी आहे."

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हा, छपरावर चढलेला. तिनं दोन्ही हातांनी शिडी पकडली आणि खालच्या पायरीवर पाय दाबून उभी राहिली. कणीक आत सुकत होती.

एवढ्यात दारातून कोसिनियसचा गडी आला. त्यानं अदबीनं विचारलं, "मालकांनी विचारलंय, त्रेबियस आहेत का?"

"आहेत म्हणजे?"

गडी ओशाळला. "म्हणजे... आहेत का."

"आत्तापर्यंत," वरून आवाज आला.

"सांग तुझ्या मालकांना," नुमिसिया म्हणाली, "आहेत, आणि संध्याकाळी जेवायलाही येतायत. वाटीभर जास्त शिजवा म्हणावं."

"आणि सूनबाईंनी वेगळं विचारायला सांगितलंय. बाबांना रात्री झोप लागली का?"

"घोरत होते म्हणून सांग," ती म्हणाली आणि मनगटानं डोळे पुसले. गडी गेला.

वर कौलं बसत होती. एकेक कौल सरकवलं की तिचं काळीज सरकत होतं. शिडी सोडता येत नव्हती आणि वर पाहवत नव्हतं, म्हणून ती भिंतीकडे बघत बोलू लागली.

"मुलीला म्हणायचात. घड्याला म्हणालात. शेजारच्या आंधळ्या कुत्र्यालाही म्हणालात. मला नाही कधी म्हणालात तुमचं ते वाक्य."

"तू कानांवर हात ठेवायचीस."

"मुलीला म्हणायचात तेव्हा ठेवायचे. माझ्याकडे आलात कधी म्हणायला?"

कौलांचा आवाज थांबला. तिनं मान वर केली. त्रेबियस हातात कौल धरून बसला होता आणि बंदराकडे बघत होता.

"एकदा आलो होतो," तो म्हणाला. "तुझा ताप उतरला त्या आठवड्यात. तू झोपली होतीस. 'आज आहेस' एवढं म्हणालो."

"मग?"

"पुढचं जमलं नाही. ग्रीकाला विचारलं. तो म्हणाला, अवघड वस्तूनं सुरुवात करू नये, आधी लहानसहान गोष्टींवर सराव करावा." त्यानं हातातलं कौल उगाच उलटंपालटं केलं. "म्हणून मग मी घड्यापासून सुरुवात केली. मुलीपर्यंत पोचलो. तुझ्यापर्यंत अजून नाही."

नुमिसियाला रडू फुटलं आणि तेवढाच रागही आला. तीन वर्षं हा माणूस घरातली भांडी फोडत होता आणि एका शब्दानं काही बोलला नव्हता. तिनं शिडीच्या पायरीवर कपाळ टेकलं. लाकूड उन्हानं तापलं होतं.

"डावीकडचं कौल अजून हलतंय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "ते आधी बसवा. मग सावकाश उतरा. मी धरलीय."