सुटलेले टाके

डेलबर्टने माइकवर दोनदा टिचकी मारली आणि वाचनालयाच्या सभागृहातली कुजबूज थांबली. पहिल्या रांगेतून शाळेतल्या पेट्रोस्कीबाईंचा हात केव्हाच वर आलेला होता.

"मिस्टर क्रान्ट्झ, एक विचारू? तुम्ही प्रत्येक सिनेमाला भोपळे देता. एकाला दोन, एकाला पाच. हे ठरवता तरी कसं?"

सगळे हसले. गावच्या साप्ताहिकात गेली अठरा वर्षं ऑक्टोबरभर डेलबर्ट क्रान्ट्झचं सदर येत होतं. हॅलोविनला कोणते भीतीचे सिनेमे बघावेत, कोणती मालिका लावावी, काय पोरांपासून लांब ठेवावं, हे त्यात असे. प्रत्येक नावापुढे भोपळे छापलेले. जितके भोपळे जास्त, तितकी भीती मोठी. क्रान्ट्झने पाच भोपळे दिले म्हटल्यावर धडधाकट माणसंसुद्धा दिवा चालू ठेवून झोपत. त्याच सदरासाठी आज शनिवारी दुपारी त्याचा हा सत्कार होता.

डेलबर्टने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे त्याची बायको अर्लीन मांडीवर हात ठेवून बसली होती.

भोपळे कसे ठरतात ते या दोघांनाच ठाऊक होतं. डेलबर्टने जन्मात एकही भुताचा सिनेमा धड बघितला नव्हता. पहिल्या वर्षी संपादकाने काम गळ्यात मारलं, तेव्हा दहाव्या मिनिटाला तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि काही कानावर पडू नये म्हणून नळ सोडून भांडी घासत राहिला. धुतलेलीच भांडी. बाहेर अर्लीनने विणता विणता सिनेमा शेवटपर्यंत बघितला, येऊन त्याला सगळी गोष्ट सांगितली आणि विणकाम त्याच्यापुढे धरलं.

"हे बघ, दोन टाके सुटले. माझे! म्हणजे सिनेमा बरा आहे."

त्याने दोन भोपळे दिले. तेव्हापासून तीच रीत पडली. ती बघायची, मग दोघं सुटलेले टाके मोजायचे, आणि ती सांगेल ते तो लिहायचा. लोकांना तोंडपाठ झालेली वाक्यंही तिचीच होती. 'बंद दाराला भिऊ नका, किंचित उघड्या दाराला भ्या,' हे ती कपड्यांच्या घड्या घालताना बोलून गेली होती.

पहिली काही वर्षं दोघं यावर पोट धरून हसत. लोकांना सांगायचं राहून गेलं, आणि मग सांगायची वेळच निघून गेली. डेलबर्टला लाज वाटायची, नाही असं नाही. पण नोव्हेंबर लागला की ती विसरता यायची.

आज सकाळी मात्र बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला होता, "आज सांगून टाकतो. सगळ्यांसमोर."

"काही नको," अर्लीन म्हणाली होती. "आता कशाला?"

पण आत जाऊन ती ठेवणीतला निळा कोट घालून आली होती. ओठांना लालीही लावली होती. मुलीच्या लग्नानंतर तिने लाली लावलेली त्याने पाहिली नव्हती.

"सांगा ना!" पेट्रोस्कीबाई म्हणाल्या.

वाक्य तयार होतं. सिनेमे माझी बायको बघते, मी पळून जातो. एवढंच तर बोलायचं होतं. डेलबर्टने तोंड उघडलं. समोरचे साठसत्तर चेहरे कौतुकाने त्याच्याकडे बघत होते.

"नाडी मोजतो," तो म्हणाला. "सिनेमा चालू असताना मनगटावर बोट ठेवून बसतो. आता सवयच झाली आहे."

टाळ्या पडल्या. अर्लीननेही वाजवल्या. निदान तिने तरी टाळ्या वाजवायला नको होत्या, असं त्याला वाटलं.

नंतर सफरचंदाचा रस आणि डोनट होते. लोक घोळक्याने त्याच्याभोवती उभे राहिले. पेट्रोस्कीबाईंनी अर्लीनचा दंड धरून तिलाही मध्ये ओढलं.

"अर्लीन, धन्य आहे बाई तुझी! अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे छातीच हवी. तूपण बघतेस का गं त्याच्याबरोबर?"

डेलबर्टचा पेला ओठांपाशीच थांबला. आता ही सांगणार. खरं तर तिने सांगावं असंच त्याला वाटत होतं. स्वतःला जमलं नाही ते तिने केलं असतं, तर तो सुटला असता.

"छे गं," अर्लीन बोटांची साखर पुसत म्हणाली. "मी कुठली बघतेय! मी पहिल्यापासून भित्री. सिनेमा लागला की मी स्वयंपाकघरात पळते."

"अगंबाई! आणि हा एकटा बसतो?"

"एकटाच."

सगळे हसले. कोणीतरी लहान पोरीला थोपटावं तसं तिच्या खांद्यावर थोपटलं. तिने एकदाही डेलबर्टकडे बघितलं नाही.

तो इथेच गप्प बसला असता, तर एक वेळ निभावलं असतं. पण लोक हसत होते आणि त्याची जीभ सरावलेली होती.

"नुसती पळते कसली!" डेलबर्ट म्हणाला. "नळ सोडून धुतलेली भांडी पुन्हा धुते. आवाज कानावर पडू नये म्हणून!"

केवढा हशा झाला. पेट्रोस्कीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्लीनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रोजच्या घरापाशी येऊन दारावरचा नंबर पुन्हा तपासावा, तसं पाहिलं. मग सगळे बघताहेत म्हणून तीही थोडी हसली.

घरी जाताना गाडी अर्लीन चालवत होती. कोणाच्या अंगणात सांगाडे टांगलेले होते, कोणाच्या पायऱ्यांवर कोरलेले भोपळे मांडले होते.

"अर्लीन," डेलबर्ट म्हणाला, "मी सांगायला हवं होतं."

"हो," अर्लीन म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने चूक कबूल केली की ती आधी 'हो' म्हणे आणि लगेच 'जाऊ दे' म्हणे. डेलबर्ट वाट बघत राहिला. गाडी त्यांच्या गल्लीत वळली, घरापुढे येऊन थांबली. अर्लीनने किल्ली काढली आणि ती उतरून आत गेली.