लंडन ते कोपरगाव

छबूबाईचा धाकटा, राधाकृष्ण, एकसष्ट साली मुंबईहून बोटीने विलायतेला गेला, तेव्हा पोहोचायला वीस दिवस लागले होते. म्हातारीने ते वीस दिवस मनात घट्ट धरून ठेवले. जायला वीस, यायला वीस, एवढी रजा लेकराला कोण देणार? बारा वर्षांत तो एकदाही फिरकला नाही, तरी त्याच्याबद्दल तिच्या तोंडून वाकडा शब्द निघाला नाही. तव्यावरची पहिली भाकरी ती रोज त्याच्या नावाने बाजूला काढायची, आणि मग ती गाईला जायची.

ती भाकरी थापायची थोरली सून, रतनबाई. म्हातारीला न्हाऊमाखू घालायची तीच, आणि वर ऐकायचं काय, तर राधा जवळ असता तर त्याने मला फुलासारखं जपलं असतं. माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं? आता बोटीने कुणी जात नाही, विमानाने जातात-येतात, असं तिला कोपरगावच्या बाजारात कळलं, तेव्हा तिने नवऱ्याला, कानिफनाथला, विचारलं. त्याला ठाऊक होतं. पण आईला सांगू नकोस, म्हणाला, तिला त्या वीस दिवसांचाच आधार आहे. झालं, रतनबाईच्या हाती आयतं हत्यार आलं.

एकदा शाळेचे दानीएल मास्तर ओट्यावर चहाला टेकले, तेव्हा तिने सासूला ऐकू जाईल अशा बेताने लंडनचा विषय काढला. मास्तर सरळ माणूस, भूगोल म्हटला की खुलायचे. लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल, म्हणाले, पण विमानाला काय, दहा-बारा तास. संध्याकाळी बसला की सकाळी मुंबईत, आणि रात्री इथे जेवायला.

रतनबाईने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मास्तर गेल्यावर म्हातारीने एवढंच विचारलं, "कानिफला ठावं हुतं?"

"व्हय, आत्याबाई."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी बाजूला काढणं बंद झालं. हळूहळू म्हातारीचं अन्नच तुटलं. आता मात्र रतनबाई हादरली. तिने दूध पाजून पाहिलं, पाय धरले, पण बोललेलं परत घेता येत नव्हतं. दिवाळी सरल्यावर म्हातारीने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"मी गेल्यावर आधी जाळा, मंग राधाला तार करा. तार आधी गेली तर सारं गाव तास मोजीत बसंल, अन् तो यायचा न्हाई. मढ्याची तेवढी शोभा नको."

पौषात म्हातारी गेली. कानिफनाथ तारेला निघाला, त्याला रतनबाईने पाया पडून, आईचा शब्द आहे म्हणून सांगून थांबवलं. चिता विझल्यावर तार गेली.

चौथ्या दिवशी राधाकृष्ण दारात उभा राहिला. तार हातात पडली तसाच निघाला होता, अंगावर कारखान्यातले कपडे. भावकीची माणसं ओट्यावर बसली होती. सगळं झालंय हे त्याला तिथंच कळलं.

"एका दिवसाचा रस्ता, दादा. आईला तेवढं बी ठिवता आलं न्हाई?"

कानिफनाथने मान वर केली नाही. "वहिनीला इचार," तो म्हणाला, "तिनंच थांबवलं."

सगळ्यांचे डोळे रतनबाईकडे वळले. शपथेचं सांगावं, तर ती कशामुळे घ्यावी लागली तेही सांगावं लागणार होतं. तिने पदराने तोंड झाकलं, आणि बायांना वाटलं, आता रडण्याचं सोंग करते.