डीकनने उचलू न दिलेलं दार

दोष डीकन एलिफलेट स्ट्रोडचा. मी त्याच्या गावच्या पाणगिरणीचा वरचा दगड बोलतोय. तो धर्ममंडळीचा कारभारी होता, सगळे त्याला भ्यायचे. मला कसली भीती? मंडळीतून मला काढणार कोण?

समुद्र ओलांडून आलेली ही माणसं दोन वर्षं पोकळ बुंध्यात मुसळाने मका कुटत होती. मग जोथम पेल आला. त्याने मला डोंगरातून काढलं, बैल जुंपून नदीवर आणलं, छिन्नीने खाचा पाडून टाकी लावली. त्याची बायको मेहिटेबल छिन्न्यांना धार लावून द्यायची. "जोथम, इकडे खोल गेलास. पीठ जाडं पडेल," म्हणायची, आणि पडायचंच.

डीकनला माझं पीठ फार गोड. पहिलं पोतं त्याचं, रांग बाकीच्यांना.

गावात शनिवारचा सूर्य मावळला की रविवारचा मावळेपर्यंत काम बंद. अंथरूण झाडलं तरी पाय खोड्यात. मार्चातल्या एका रविवारी नदीवर गोठलेला बर्फ फुटला, पाणी फुगलं. बांधाचं दार उचललं असतं तर पाणी निघून गेलं असतं. जोथम प्रार्थनाघरातून धावत आला. मागोमाग डीकन.

"हात खाली घे. आज देवाचा दिवस."

"रविवारी गाय खड्ड्यात पडली तर काढता ना?"

"गाय जीव आहे. हे लाकूड."

"अहो, बांध फुटेल! गिरणी जाईल!"

"जाऊ दे. दार उचललंस तर मंडळीतून गेलास. मग कुणी दारात उभं करणार नाही तुला."

जोथमने हात खाली घेतला. त्याचाही राग आहे मला.

मेहिटेबल त्याला बाजूला सारून बांधावर चढली.

"बाई, मागे फिर!" डीकन ओरडला.

"आधी इथल्या पिठाची भाकरी सोडा, मग मला धर्म शिकवा!"

तिने दाराच्या दांड्यावर अंग टाकलं. दार वीतभर उचललं, पण उशीर झाला होता; बांधच फुटला. ती गेली, चाक गेलं, माझ्या खालचा दगड गेला, मागोमाग मीही.

सोमवारी डीकनने गावाला उपास सांगितला. एका बाईने देवाचा दिवस मोडला, म्हणून म्हणे कोप झाला. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. जोथमनेही. टाकी त्या डोक्यांना लावायला हवी होती.

मी नदीत उताणा पडलोय, मधोमध तडकलेला. पोरांनो, पाणी चढलं की आधी दार उचला, म्हाताऱ्यांना मग विचारा.

मेहिटेबलचं प्रेत सापडलं नाही. मी पुन्हा एक दाणाही दळला नाही.