मुकाईचं चित्र

नादिया परेरानं ‘मुकाईचं खोरं’ ही कादंबरी वाचली, ती दिशानं जबरदस्तीनं हातात कोंबली म्हणून. दिशाची छोटीशी प्रकाशनसंस्था होती आणि या जुन्या, भयंकर कादंबरीचं तिला चित्रकादंबरीत रूपांतर करायचं होतं. नादिया जाहिरातवाल्यांना शूटिंगआधी एकेका शॉटची चित्रं काढून द्यायची. अंधेरीत त्या धंद्याला मरण नाही. साबण, बिस्किटं, पंखे काढून काढून तिचा हात वैतागला होता.

पुस्तक संपलं तेव्हा बाहेर लख्ख दुपार होती, तरी तिनं उठून घरातले सगळे दिवे लावले.

गोष्ट अशी होती. एका खोऱ्यात दगडातून मुकाई जागी होते. तिची भूक आवाजाची. आधी पाखरांचे आवाज जातात, मग ओढ्याचा, मग माणसांचे. सगळं गाव मुकं होतं आणि रेवती नावाची एक पोर आईचा आवाज परत मागायला एकटी मुकाईसमोर जाऊन उभी राहते.

लेखिका जानकी सावंत मुलुंडला राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त, तोंडानं फटकळ. पहिल्याच भेटीत त्यांनी नादियाला बजावलं, “चित्रं तुझी, त्यात मी नाक खुपसणार नाही. पण मुकाईच्या वर्णनातला एक शब्द गाळायचा नाही. लोकांना ती पानं पाठ आहेत.”

“नाही गाळणार, ताई,” नादिया म्हणाली. तेव्हा तिला ते सोपं वाटलं होतं.

बाकीची प्रकरणं भराभर झाली. खोरं उतरलं, गाव उतरलं, रेवतीचा हट्टी जबडा तर पहिल्याच फटक्यात उतरला. मुकाईपाशी मात्र गाडं अडलं. नादियानं तिला शिंगं दिली, काढून टाकली. सुळे दिले. शंभर डोळे दिले. त्यावर जानकीताईंच्या शब्दांचे चौकोन चिकटवले, की चित्र नोटिसा डकवलेल्या फळ्यासारखं दिसायचं.

तरी एक पान घेऊन ती मुलुंडला गेली. जानकीताईंनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

“ही दशावतारातली राक्षसीण आहे गं. आत्ता विडी ओढायला विंगेत जाईल.”

नादियाला हसू आलं आणि रागही आला. “ताई, तुमचे शब्द मध्ये येतायत. जी आवाज खाते तिच्याभोवती एवढी बडबड कशी चालेल? मला ती पानं बिनशब्दांची करू द्या ना.”

“बडबड?”

शब्द चुकला हे नादियाला कळलं, पण तो सुटून गेला होता.

“ती बडबड लिहायला मला चार वर्षं लागली,” जानकीताई म्हणाल्या. “चहा घे आणि नीघ.”

नादियानं चहाही घेतला नाही. घरी येऊन तिनं दिशाला फोन केला. “माझ्याच्यानं नाही होणार, यार. दुसरं कोणीतरी बघ.” दिशानं खूप समजावलं, पण नादियानं रंग, कागद सगळं कपाटात कोंबलं.

आठवडाभरानं जानकीताईंचाच फोन आला. “तू आंबोली गावठाणातली ना? मी उद्या सकाळी तुमच्या अंधेरीत येतेय. गिल्बर्ट हिलपाशी ये.”

“तिथे काय आहे?”

“तू तिथलीच, आणि मला विचारतेस?”

खरंच, ते नाव नादियाच्या लहानपणापासून कानावरून गेलेलं होतं. रिक्षातून जाताना इमारतींच्या फटीतून काहीतरी काळं दिसायचं, एवढंच. मुद्दाम ती तिथे कधी गेली नव्हती.

दोघी एका अरुंद गल्लीतून चालू लागल्या. दोरीवर वाळणारे कपडे, पाण्याचे पिंप, कुणाच्या तरी घरात टीव्हीवर चाललेली आरती. जानकीताई पुढे होत्या. गल्ली वळली आणि नादिया जागीच थबकली.

समोर भिंत होती असं तिला आधी वाटलं. मग नजर वर गेली, आणखी वर गेली, आणि मान मागे टेकली तरी ती भिंत संपेना. काळा दगड, तळापासून माथ्यापर्यंत सलग, आणि त्याला उभ्या चिरा. जणू हजारो खांब कुणीतरी एकत्र आवळून बांधले होते. आजूबाजूच्या इमारती त्याच्याशेजारी कुणीतरी विसरून गेलेल्या खोक्यांसारख्या दिसत होत्या. माथ्यावरचं देवळाचं टोक इतकं उंच होतं, की त्याच्याखालून घारी फिरत होत्या.

“पृथ्वीच्या पोटातला रस उसळला आणि इथे थिजला,” जानकीताई म्हणाल्या. “साडेसहा कोटी वर्षं झाली म्हणतात. तेव्हापासून उभा आहे.”

नादियानं हात पुढे केला. ऊन चढलं होतं, तरी दगड गार होता. साडेसहा कोटी हा आकडा तिच्या डोक्यात मावेना, पण तळहाताला तो कळत होता.

“माझे बाबा इथल्या खाणीत होते,” जानकीताई सांगू लागल्या. “कोकणातून आले गिरणीत लागायला, आणि लागले दगडात. सुरुंग पेटवायच्या आधी भोंगा व्हायचा. आम्ही पोरं पत्र्याखाली दडायचो. धडाम् झालं, की त्यानंतर जे यायचं ना...” त्यांचा हात हवेत तसाच राहिला. “कावळासुद्धा ओरडायचा नाही.”

हात खाली घेत त्या म्हणाल्या, “त्यातच बाबांचे कान गेले, हळूहळू. मी शाळेतली कविता म्हणून दाखवायचे, ते माझ्या ओठांकडे बघत बसायचे. माझा आवाज त्यांच्या कानात शेवटचा कधी पडला, ते त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही.”

दोघी माना वर करून नुसत्या उभ्या राहिल्या. मागून पाण्याची घागर घेतलेली एक बाई आली, या दोघींकडे पाहिलं, आणि तीही क्षणभर वर बघून पुढे गेली.

रिक्षात बसताना जानकीताई एवढंच म्हणाल्या, “गाळ. सगळं गाळ. पण मला आधी दाखव.”

नादियानं त्याच दिवशी कपाट उघडलं. पक्ष्यांच्या चित्रांवर तिनं आधी ‘किलबिल’ अशी अक्षरं काढली होती, ओढ्यावर ‘खळखळ’. आता ती पानापानाला फिकट होत गेली. मग चोची उघड्या आणि अक्षरं नाहीत. मग माणसांच्या तोंडांपुढे संवादाचे रिकामे फुगे. मग फुगेही गेले. चौकटी मोठ्या मोठ्या होत गेल्या आणि शेवटी चौकटच उरली नाही. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसते काळे उभे खांब, आणि पार खाली नखाएवढी रेवती. मुकाई एका पानात मावतच नव्हती. सात पानं जोडली तरी तिचा माथा दिसत नव्हता. तिला डोळे नव्हते, दात नव्हते. फक्त शेवटच्या पानावर ते खांब कणभर झुकले होते, पोरीच्या बाजूला.

ते झुकणं नादियानं ठरवून काढलं नव्हतं. कुंचला तसा गेला. तिनं तो खाली ठेवला, आणि आपल्याच चित्राकडे पाठ करून बसायचा काही तिला धीर होईना.

रविवारी जानकीताई आंबोलीला आल्या. नादियाच्या वडिलांनी, जॉनी परेरांनी, सोफा भिंतीला सरकवून दिला आणि मुकाईपर्यंतची पानं जमिनीवर ओळीनं मांडली गेली. जानकीताई चपला काढून पानांच्या कडेकडेनं चालू लागल्या. पक्ष्यांपाशी थांबल्या. फुग्यांपाशी थांबल्या. शेवटच्या पानापाशी आल्या आणि गुडघे दुखत असूनही खाली बसल्या. जॉनी पाण्याचा ग्लास घेऊन आले, ते दारातच उभे राहिले.

“ही घाबरलीय का गं?” जानकीताईंनी रेवतीवर बोट ठेवून विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मला काय माहीत, ताई? तुम्ही लिहिलंय.”

“लिहिलं खरं. पण ती कशासमोर उभी आहे, ते मला कुठे दिसलं होतं?”

त्यांनी कागदाला हात लावला, त्या दिवशी नादियानं दगडाला लावला होता तसा, जपून. मग डोळे न उचलता त्यांनी दुसरा हात पुढे केला.

“पुढचं पान दे. काय होतंय हिचं, ते बघू दे मला.”