सुईत धागा नसताना

मित्रांनो, असं नाक मुरडू नका. अंगावर धूळ आहे, ताडपत्रीचा कुबट वास येतो आहे, हे मलाही कळतं. मी एक जुनी शिलाईची मशीन आहे. कारखान्याच्या मागच्या बोळात भंगारवाल्याची वाट बघत उभी आहे. तो येईपर्यंत माझं ऐकून घ्या, कारण माझ्यावर आळ आला आहे आणि तो साफ खोटा आहे.

मी नवी होते तेव्हा काय रुबाब होता माझा! हिरवा तुकतुकीत रंग, खाली दणकट मोटर. शर्ट शिवण्याच्या या कारखान्यात मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मावशी मिळाली. सगळ्या जणी तिला मावशीच म्हणायच्या. ती कॉलरी शिवायची. सकाळी आली की माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, "काय गं, बरी आहेस ना?" थोरले मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणायचे. "ही कधी दगा देत नाही," असं ते सांगायचे, आणि मी खरंच कधी दिला नाही.

पुढे थोरले मालक थकले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. पोरगा वाईट नव्हता हो. माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच्या मागे लागल्या होत्या, की काम कुठवर आलं ते आम्हाला बसल्या जागी दिसलं पाहिजे, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. म्हणून त्याने प्रत्येक मशीनच्या डोक्यावर एक डबी चिकटवली. मशीन चालू असली की डबीवर हिरवा दिवा, थांबून राहिली की लाल. भिंतीवर मोठा स्क्रीन लागला आणि त्यावर आम्ही सगळ्या दिसू लागलो.

"आता मशीन बोलतील आणि आपण ऐकायचं," धाकटे मालक म्हणाले. मला कोण आनंद झाला! इतकी वर्षं मान खाली घालून राबले, आता कुणीतरी माझं ऐकणार. पण कसलं काय!

माझा दिवा सारखा लाल व्हायचा. त्याचं कारण ऐका. मावशी नुसती शिवत नव्हती. शेजारी एक नवी मुलगी बसायची, चिवचिव बोलायची म्हणून तिला सगळ्या चिमणी म्हणायच्या. तिच्या कॉलरी वाकड्या जायच्या. मावशी त्या मागून घ्यायची, उसवायची, तिला दाखवायची. तेवढा वेळ मी गप्प. कारखान्यातून वाकडी कॉलर बाहेर गेली नाही ती यामुळे. पण स्क्रीनला उसवणं दिसत नव्हतं, फक्त माझं गप्प बसणं दिसत होतं.

मग सूचना लागली. जिचा दिवा जास्त लाल, तिची जागा जाणार. मावशीने ती दोनदा वाचली. तिच्या लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि घरात कमावणारी मावशी एकटीच.

तोडगा चिमणीने काढला. "मावशी, सुईतला धागा काढा आणि पाय पेडलवर ठेवा. हात रिकामेच आहेत की, उसवत बसा."

"अगं, मशीन उगाच झिजेल."

"मशीन झिजली तर चालेल. तुम्ही घरी बसलात तर?"

मावशीने धागा काढला. मी धावू लागले. खाली कापड नाही, वर धागा नाही, नुसती खडखड. हळूहळू सगळ्याच जणी तसं करू लागल्या. स्क्रीन हिरवागार झाला. मला मात्र रडू यायचं. असं फुकट धावणं मी जन्मात केलं नव्हतं.

धाकट्या मालकांनी हिशेब मांडला. मशीन दिवसभर पळतात, तरी शर्ट पूर्वीइतकेच. म्हणजे मशीनच म्हाताऱ्या झाल्या! त्यांनी आपोआप चालणाऱ्या नव्या मशीन मागवल्या. त्यातल्या दोन-दोन मशीन एकेका बाईने सांभाळायच्या. म्हणजे निम्म्या बायकांना घरी जावं लागणार.

हे कळलं तशी मावशी उठली आणि थेट त्यांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, मशीनचा काही दोष नाही. आम्ही रिकाम्या चालवतो. सुरुवात माझ्यापासून झाली, काय बोलायचं ते मला बोला."

त्यांनी हातातला हिशेब बाजूला ठेवला. "मावशी, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे? दिवा लावलात."

ते रागावले नाहीत, उलट पाणी प्या म्हणाले. पण नव्या मशीन निघाल्या होत्या, पैसे भरून झाले होते. आठवड्याने त्या आल्या. चिमणी तरुण, नवं चटकन शिकणारी, म्हणून ती राहिली. मावशीची जागा गेली. लेकीच्या शिक्षणाचं काय झालं, ते मला कळलं नाही. मशीनला कोण सांगणार?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही हाताखाली माणसं असतील, समोर असेच लाल-हिरवे दिवे असतील. जरूर लावा. पण दिवा लाल झाला तर खुर्चीवरून उठा, त्या माणसापाशी जा आणि विचारा, "काय झालं?" मशीन कधी थांबली ते डबी सांगते. का थांबली, ते नाही सांगत.

शेवटच्या दिवशी मावशीने मला फडक्याने पुसलं. सांध्यासांध्यात तेल घातलं. मग रोजच्यासारखा सुईखाली कापडाचा एक तुकडा ठेवला. रात्रभर तेल ओघळतं ना, ते टिपलं जावं आणि सकाळी पहिल्याच कॉलरला डाग पडू नये, म्हणून.