खिशातली गोळी

मेघानं ओल्या फडक्यानं फरशीवरची उलटी गोळा केली आणि फडकं बादलीत टाकता टाकता ती थांबली. भाताच्या शितांत एक पांढरा तुकडा होता. तिनं तो चिमटीत धरून दिव्याखाली नेला. एक कड गोल, बाकीचा विरघळून बोथट झालेला. गोळी होती. तुकडा तिनं टाकला नाही. वाटीत ठेवला.

तिची लेक संस्कृती सकाळपासून तापानं फणफणली होती. दुपारी मेघानं तिला तापाचं औषध पाजलं होतं, बाटलीच्या झाकणानं नीट मापून. गोळी तिनं दिली नव्हती. सासूबाई करमाडला लेकीकडं गेलेल्या. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत, तिथं फोन गेटवरच काढून घेतात. उरले सासरे.

बद्रीनाथनानांच्या सदऱ्याचा खिसा फुलंब्रीत सगळ्यांना ठाऊक होता. मेडिकलमधून सुट्ट्या कापून आणलेल्या गोळ्या त्यात तंबाखूच्या पुडीशेजारी पडलेल्या असत. कुणाचा गुडघा दुखो की कुणाचं डोकं, जेवणानंतर सुपारी द्यावी तशी नाना गोळी काढून देत. लोक म्हणत, नानांच्या हाताला गुण आहे, आणि नाना मिशीतल्या मिशीत हसत. सदरा धुवायला मात्र मेघाकडं यायचा. खिसा उलटा केला की तंबाखूच्या चुऱ्यात बरबटलेले गोळ्यांचे अर्धे तुकडे बाहेर पडत. तिला दर वेळी किळस येई. आज तोच चुरा पोरीच्या पोटात गेला होता.

तिनं हर्सूलच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कोणती गोळी? किती दिल्या? कधी?" डॉक्टरांनी विचारलं. "बाटलीत जे औषध असतं तेच पुष्कळदा गोळीतही असतं. दोन्ही मिळून जास्त झालं तर लिव्हरला भोवतं. सांधेदुखीची असेल तर वेगळाच प्रश्न. आधी विचारून घ्या आणि लगेच घेऊन या तिला."

विचारून घ्या. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. या घरात सून सासऱ्याशी बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासून मेघा नानांशी एक शब्द बोलली नव्हती, की नाना तिच्याशी. निरोप सासूबाई पोचवत आणि त्या नसल्या की संस्कृती. आईला म्हणावं चहा टाक. आजोबांना सांग, पाणी तापलंय. पाहुणे याला घराण्याची रीत म्हणत. गटारीशेजारी राहणाऱ्याला वासाची व्हावी तशी मेघाला त्याची सवय झाली होती.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती ओसरीच्या दारात उभी राहिली. नाना बाजेवर बसले होते. समोर खुर्चीत शेजारचे सर्जेराव.

"सर्जेरावमामा, नानांना विचारा, पोरीला गोळी दिली का?"

नानांनी सर्जेरावांकडंच तोंड ठेवलं. "दिली म्हणा. तापाचीच दिली. इख नाय दिलं."

"किती दिल्या, विचारा."

"सांगा त्यांना, सर्जेराव, लई काळजी करू नका. उतरंल ताप."

सर्जेराव बिचारे मान इकडून तिकडं फिरवत होते. आत पोरगी पुन्हा ओकारी काढू लागली. मेघानं उंबरा ओलांडला. नानांच्या समोर गेली आणि सरळ त्यांच्या खिशात हात घातला.

नाना आक्रसून मागं सरले. सर्जेराव उठून चपला शोधू लागले. मेघानं हाताला लागलं ते सगळं बाजेवर पसरलं. तंबाखू, सुपारीची खांडं, कापलेल्या गोळ्यांची पाकिटं.

"नाना, यातली कोणती?"

नानांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग त्यांचं बोट हळूच पुढं आलं. एका पाकिटावर टेकलं आणि तिथून दुसऱ्यावर गेलं.

"ही सकाळी. अर्धी. दुपारी पोरगी म्हणली डोकं दुखतंय, मग ही सबंद." त्यांनी बोट मागं घेतलं. "मी कळवलं व्हतं. आईला सांग म्हणलं व्हतं."

"कुणाला म्हणालात?"

"संस्कृतीला."

मेघाला उभ्या उभ्या शिसारी आली आणि या वेळी ती खिशाची नव्हती. दुपारी औषध पाजून तिनंही तेच केलं होतं. आजोबांना सांग, औषध दिलंय, आता काही देऊ नका म्हणावं. पोरीनं मान हलवून ग्लानीत डोळे मिटले होते. दोघांचेही निरोप त्या तापलेल्या डोक्यात पडून राहिले होते.

तिनं पाकिटं गोळा करून पर्समध्ये कोंबली आणि गाडी काढली.

"बसा मागं. काय दिलं ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा."

नाना घुटमळले. सुनेच्या मागं बसलेलं त्यांना सगळं गाव बघणार होतं. मग टोपी नीट करत ते बसले. पोरगी दोघांच्या मध्ये. तिचा गरम गाल मेघाच्या पाठीला लागला, आणि पोरीला धरलेला नानांचा हातही.

गाव मागं पडलं तसं नाना म्हणाले, "संस्कृती, आईला म्हणावं, खड्डा हाय पुढं. जरा दमानं."

पोरीनं हूं का चूं केलं नाही.

"तिला नका सांगू," मेघा म्हणाली. "मला सांगा."

हर्सूलचा तलाव दिसू लागला तेव्हा मागून खाकरल्याचा आवाज आला.

"जागी हाय ती, मेघा," नाना म्हणाले. "मान धरलीय म्या."