उन्हाचा चौकोन

लेक सरिता बोलायला लागली की सुकदेवला पहिला शब्द ऐकू यायचा, पुढचे तो अंदाजानं जुळवायचा. मसाटच्या धाग्याच्या कंपनीत मशीनच्या घरघरीत वर्षं गेली, त्यात कान कधी गेले ते त्यालाही कळलं नव्हतं. कुणी काही बोललं की तो मान डोलवून हसायचा. टीव्ही सोडला होता. "तेच तेच असतं," म्हणायचा. गावी पारोळ्याकडच्या लग्नांतही आता पंगतीपुरताच जायचा.

एका रविवारी सकाळी लेकीनं त्याला स्कूटीवर बसवून जवळच डोकमर्डीला नेलं. तिच्या ऑफिसातला पुण्याचा इंजिनियर शंतनु सोसायटीच्या हॉलमध्ये छोटे सिनेमे दाखवायचा. थिएटरात कधी न लागणारे, कुणीतरी पदरमोड करून केलेले. सुकदेव मागच्या खुर्चीत बसला. डोळा लागला तर बरं, असं त्याच्या मनात होतं.

पडद्यावर एक स्वयंपाकघर. खिडकीतलं ऊन जमिनीवर चौकोनी पडलेलं आणि त्यात बसून एक म्हातारी सुपातले तांदूळ निवडतेय. बाहेर तिचे दोन मुलगे अंगणात भिंत बांधतायत. सुकदेव सवयीनं ओठांकडे बघत राहिला. ओठ हलेनात. कुणी बोलतच नव्हतं. मग तो बाकीचं बघू लागला. म्हातारी जरा सरकली. थोड्या वेळानं पुन्हा सरकली. उन्हाचा चौकोन अर्धा झाला होता. सुकदेव ताठ बसला. शेवटी म्हातारी सूप उचलून रस्त्याकडच्या पायरीवर जाऊन बसली, आणि सिनेमा संपला.

सरिता त्याच्या कानाशी वाकली. "आबा, ती सारखी का सरकत होती?"

"भाऊ वेगळे झाले ना. भिंतीनं आईचं ऊन खाल्लं. ती उन्हामागं जात होती."

तो जरा मोठ्यानंच बोलला. लोक वळून बघू लागले. शंतनु खुर्ची ओढून त्याच्यासमोर येऊन बसला.

"पण आबा," सरिता पुन्हा कानाशी म्हणाली, "दोघांनी सिमेंट एकाच घमेल्यात कालवलं. पाणीही एकाच तांब्यातून प्यायले. भांडण कुठं होतं?"

हे सुकदेवनं पाहिलंच नव्हतं. "मग भिंत कशाला?"

"मीही तेच शोधतोय," शंतनु हसून मोठ्यानं म्हणाला, "दरवेळी काहीतरी नवीन दिसतं."

तिघं बराच वेळ त्या म्हातारीबद्दलच बोलत बसले. इतकं बोलणं सुकदेवच्या तोंडून सरितानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

खाली स्कूटीजवळ तो थांबला. "सरू, मला ऐकू येत नाही नीट."

"माहीत आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हो हो म्हणायचात. वाटलं, तुम्हाला तो विषय नको असेल."

त्यानं मान खाली घातली. सरितानं त्याचा हात धरला. "दवाखान्यात जाऊ या," ती म्हणाली. या वेळी तो नुसता हसला नाही. कधी जायचं ते विचारलं.

पुढच्या रविवारचा सिनेमा सगळा बोलण्याचाच होता. सुकदेवनं लेकीला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाला तो?"

तिनं सांगितलं. त्यानं आणखी दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं.

"फार बोलतात हे," तो कुरकुरला, आणि खुर्ची पुढं ओढून बघत बसला.